खताचा हप्ता आणि ताटाचा हप्ता



गेल्या अंकात आम्ही खोडव्यातील पाचट कुजविण्याविषयी लिहिले होते. या अंकासाठी मोठ्या बांधणीचा विषय ठरला होता व लेखही लिहून तयार होता. तो पुढच्या अंकावर ढकलून आज आम्ही भलताच विषय हाती घेतला आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने जेवणाविषयी लिहावे याचे काहींना नवल वाटेल, काहींना हसू येईल. कारण कळल्यावर हसू जरा जास्तच येईल, पण ते सांगितल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही.

गेल्या गळीत हंगामात गाडीतळावर तोडणी कामगारांसाठी आरोग्य तपासणीचे शिबिर होते. कामगार भल्या पहाटेच फडात गेलेले, डॉक्टर मंडळी टेबल मांडून रिकामी बसलेली. तेव्हा त्यांच्यातील एकाने ‘साहेब, तुम्हीच हात पुढे करा, सुरुवात तरी होईल’ असे म्हणून आमच्या बोटाला सुई टोचली. आकडा बघून त्यांनी काही न बोलता दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी प्रयोगशाळेत जायला सांगितले. तिथे साखर १४२ निघाली. चार दिवसांनी पुन्हा तपासली, तीही तेवढीच. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त साखर दोन वेळा आढळली की मधुमेह धरतात. ऊस विभागात ही बातमी एका दिवसात पसरली. ‘आपल्या साहेबांचा उतारा यंदा चांगला लागलाय’ असे शेतकी मदतनिसांनी आमच्या पाठीमागे म्हटले, ते आमच्या कानावर आले. साखर कारखान्याच्या माणसाला साखर व्हावी, यात थट्टेला जागा आहे हे आम्हांला मान्य आहे.

पण ही थट्टा आमच्यापुरती राहिलेली नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकी शंभरात पस्तीस जणांना रक्तदाब आहे. हा शहरातल्या खुर्चीवर बसणाऱ्यांचा रोग, असे आपण गावाकडे म्हणत आलो. आता आपल्याच गटातील दहा घरे डोळ्यांसमोर आणा, किती घरांत फळीवर गोळ्यांचा डबा आहे ते मोजा, म्हणजे झाले.

याच काळात एका नातेवाइकाच्या लग्नानिमित्त आम्ही रोह्याला गेलो होतो. परतीच्या वाटेवर पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक या गावी थांबलो. आचार्य विनोबा भावे यांचे हे जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे या नावाने ते इथे जन्मले. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आताचा रायगड. मुलूख भाताचा. आम्ही गेलो तेव्हा भात निघून खाचरांत उरलेल्या ओलीवर वाल उगवला होता. आपल्याकडे पाण्याची पाळी चुकली की जीव कासावीस होतो, आणि इथे पाणी न देता कडधान्य येते! या वालाच्या कोवळ्या शेंगांची थंडीत ‘पोपटी’ करतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि शेंगा भरायच्या, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करायचा. तेल नाही, पाणीही नाही. पथ्याला सोकावलेल्या आमच्या जिभेला ते फार गोड लागले.

विनोबांची आपल्याला ओळख भूदानामुळे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत पहिली जमीन मिळाली आणि पुढे वर्षानुवर्षे पायी हिंडून त्यांनी देशभर जमीन मागितली. तो मोठा विषय आहे व त्यावर सभासदांत मतभेदही असतील. आम्हांला इथे दुसरेच सांगायचे आहे. हा माणूस आयुष्यभर स्वतःचा आहार मोजत, तोलत, बदलत आणि त्याची नोंद ठेवत आला. आपण मातीपरीक्षण करतो तसे त्याने पोटाचे परीक्षण केले. आणि त्याचे धडे त्याला याच गागोद्याच्या घरात मिळाले.

विनोबांचे आजोबा शंभुराव दरवर्षी चांद्रायण व्रत करीत. अमावास्येनंतर प्रतिपदेला एक घास, द्वितीयेला दोन, असे वाढवत पौर्णिमेला पंधरा. मग एकेक घास कमी करत पुन्हा अमावास्येला शून्य. चंद्र उगवला की पूजा व आरती, मग जेवण. कृष्णपक्षात चंद्र उशिरा उगवायचा, तेव्हा छोट्या विनायकाला झोपेतून उठवून आरतीला व प्रसादाला बसवीत. आमच्या मनात आले, आज रात्री दोन वाजता आपण मुलाला उठवतो ते मोटार चालू करायला.

हे व्रत करा असे आम्ही कोणाला सांगत नाही. ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनी तर असल्या उपवासाच्या वाटेला डॉक्टरला विचारल्याशिवाय जाऊ नये. साखर एकदम उतरून माणूस बांधावरच कोसळतो. आम्हांला त्यातला हिशोब आवडला. वाढवायचे तर एकेकाने, उतरवायचे तर एकेकाने. आपण उसाला वेगळे काय करतो? आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी १६० किलो. युरियात सांगायचे तर ४५ किलोची पावणेआठ पोती. ती सगळी लागणीच्या दिवशी सरीत ओतणारा शेतकरी आज आपल्या कार्यक्षेत्रात सापडणार नाही. लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के. हे आम्ही गेली वीस वर्षे गावोगाव घसा कोरडा करून सांगतो आहोत. बांधणीनंतर उशिरा युरिया टाकला तर ऊस नुसता माजतो, लोळतो आणि उतारा घसरतो, हेही तुम्ही आम्हांलाच ऐकवता.

आता स्वतःच्या पोटाकडे बघू. सकाळी चहावर चहा. दुपारी फडावरून यायला तीन वाजतात, तेव्हा घाईघाईने चार घास. आठवड्यातील निम्मे दिवस विजेची पाळी रात्रीची, मग रात्री अकराला पाणी बदलून आल्यावर सगळ्या दिवसाचे जेवण एकदाच. तेही टीव्हीकडे किंवा मोबाईलकडे बघत. ताटात काय पडले, किती पडले, पोट भरले कधी, काहीच पत्ता नाही. जेवून लगेच आडवे. पोट भरल्याची खबर डोक्याला पोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात असे डॉक्टर सांगतात. आपले जेवण सात मिनिटांत उरकते. म्हणजे खबर पोचेपर्यंत दोन भाकरी जादा गेलेल्या असतात. उसाला चार हप्ते आणि मालकाला एकच, असा हा कारभार आहे.

विनोबांच्या आई रुक्मिणीबाईंची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांनी देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला आणि रोज एकेक दाणा मोजून त्या वाहू लागल्या. विनोबांचे वडील शास्त्रीय वृत्तीचे. ते म्हणाले, असे कशाला मोजतेस? एक तोळा तांदूळ घे, त्यात दाणे किती भरतात ते मोज, त्यावरून लाखाचे वजन काढ, आणि कमी पडायला नको म्हणून थोडे जास्त घाल. आईला उत्तर सुचेना. संध्याकाळी त्यांनी विन्याला विचारले. त्याने सांगितले की हा नुसता हिशोबाचा प्रश्न नाही. एकेक दाणा मोजताना मन देवाकडे लागते, म्हणून एकेकच मोजावा. मुलगा गणितात हुशार, तरी त्याने असे उत्तर दिले.

आम्ही वजनकाट्याच्या कारखान्यातली माणसे. आमचा कौल साहजिकच वडिलांच्या बाजूने. गाडीतली मोळी मोळी मोजत बसलो तर हंगाम पावसाळ्यापर्यंत चालेल. पण खरे सांगायचे तर ताटाला काटाही हवा आणि एकेक दाणाही हवा. घरात महिन्याला काय येते ते वजनाने मोजावे आणि ताटात आलेला घास एकेक करून, लक्ष ठेवून खावा. हल्ली शहरात यासाठी पैसे घेऊन वर्ग चालवतात, घास किती वेळ चावायचा ते शिकवतात. रुक्मिणीबाईंना ते फुकट येत होते.

पहिली गोष्ट काट्याची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की वरून घातलेली साखर रोजच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी आणि पाच टक्क्यांच्या आत असेल तर अधिक चांगले. साधारण २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला याचा अर्थ दिवसाला जास्तीत जास्त ५० ग्रॅम, शक्यतो २५ ग्रॅम. यात साखर, गूळ, काकवी, मध, मिठाई, बाटलीतली पेये, बिस्किटे सगळे आले. आता घराचा हिशोब करा. पाच माणसांचे कुटुंब. २५ ग्रॅमने महिन्याला पावणेचार किलो होतात, ५० ग्रॅमने साडेसात किलो. तुमच्या घरी सवलतीच्या साखरेचे पोते आल्यावर ते किती दिवस पुरते, हे फक्त वहिनींना माहीत असते. एकदा त्यांना विचारा. आमच्या घरी विचारले तेव्हा चार माणसांत महिन्याला आठ किलो साखर आणि वर दोन किलो गूळ असा आकडा निघाला. २५ ग्रॅमच्या मापाने आमचे तीन किलोत भागायला हवे होते. पाहुणेरावळे वजा केले तरी तोंडात बोट घालण्यासारखीच गोष्ट.

हे जाते कुठे? चहात. कपाला दोन चमचे म्हणजे दहाएक ग्रॅम. गटकार्यालयात एक, सोसायटीत एक, कोणाच्या वस्तीवर फड बघायला गेलो की एक, आणि ‘साहेब, आमच्या घरचा चहा चालत नाही का?’ हे ऐकले की आणखी एक. सहा कप झाले की साठ ग्रॅम, अजून जेवणाला हात लागलेला नाही. सभासदाच्या दारी चहा नाकारणे ही आमच्या नोकरीतील सर्वांत अवघड गोष्ट आहे. ऊस नोंद नाकारली तरी एकवेळ माणूस समजून घेतो, चहा नाकारला तर मानापमान होतो. तेव्हा आमची सर्वांना जाहीर विनंती: आम्ही आलो तर ताक द्या, नाहीतर पाणी द्या. ते आम्ही मानाचेच समजू.

दर बैठकीत एक प्रश्न हमखास येतो, ‘साहेब, साखर बंद, पण गूळ तर चालतो ना?’ गुऱ्हाळाचा गूळ काय आणि कारखान्याची साखर काय, दोन्ही एकाच रसाची लेकरे. गुळात लोह व इतर क्षार थोडेफार राहतात, चव चांगली असते, हे खरे. पण त्याचा बहुतेक भाग साखरच आहे आणि रक्तात गेल्यावर तो आपले मूळ दाखवतोच. चहात साखरेऐवजी गूळ घालून मधुमेह आवरला असे समजणे म्हणजे युरियाऐवजी दुसऱ्या नावाचे पोते आणून नत्र कमी केले म्हणण्यासारखे आहे. अजिबात खाऊ नये असे मात्र नाही. गांधीजींनी १९४२ मध्ये आगाखान पॅलेसात कैदेत असताना आरोग्यावर जी पुस्तिका लिहिली, तीत बैठे काम करणाऱ्याच्या दिवसाच्या आहाराचे मापच दिले आहे. त्यात दूध दोन पौंड, धान्य सहा औंस, पालेभाजी तीन औंस, इतर भाज्या पाच औंस, आणि गूळ किंवा साखर दीड औंस आहे. दीड औंस म्हणजे साधारण ४२ ग्रॅम. गांधीजींनी गूळ सोडायला सांगितले नाही, मोजायला सांगितले. आज डॉक्टर याहूनही कमी सांगतात, आणि मधुमेह्याने आपले माप डॉक्टरकडूनच घ्यावे.

विनोबांची मोजणी याहूनही बारीक. ७ जून १९१६ रोजी ते गांधीजींना अहमदाबादच्या आश्रमात भेटले. पुढच्या वर्षी रजा घेऊन ते आपल्या सातारा जिल्ह्यातील वाईला आले, नारायणशास्त्री मराठ्यांकडे संस्कृत शिकायला आणि प्रकृती सुधारायला. १९१८ च्या सुरुवातीला त्यांनी गांधीजींना पत्र लिहून वर्षभराचा जमाखर्च कळविला. वय तेव्हा २२. आधी रोज दहाबारा मैल चालणे, मग सहा ते आठ शेर दळण, आणि पत्र लिहिताना रोज ३०० सूर्यनमस्कार. मीठ पहिले सहा महिने खाल्ले, मग सोडले. मसाले मुळीच नाहीत. एक महिना नुसती केळी, दूध आणि लिंबू यांवर काढला, पण त्याने ताकद कमी झाली, हेही त्यांनी लिहिले. शेवटी ठरलेला आहार असा: दूध साठ तोळे, वीस तोळे ज्वारीच्या दोन भाकरी, चारपाच केळी आणि मिळाल्यास एक लिंबू.

आपल्या मापात हे दूध सुमारे ७०० ग्रॅम आणि ज्वारी २३३ ग्रॅम. आमच्या ढोबळ हिशोबाने सोळाशे ते सतराशे कॅलरी होतात, आणि त्यावर ३०० नमस्कार. आम्ही या पत्रातून एक गोष्ट उचलली, ती म्हणजे फसलेल्या प्रयोगाची नोंद. केळी-दुधाचा महिना फसला हे त्यांनी लपविले नाही. आपल्याकडे प्रात्यक्षिक प्लॉट फसला की पाटी काढून टाकतात! आम्हीही एक वही घातली. काय खाल्ले, किती खाल्ले, दोन तासांनी साखर किती. तिच्यात पहिल्याच पानावर ‘जत्रेचे जेवण, पुरणपोळ्या ४, साखर २७१’ अशी नोंद आहे. ती खोडलेली नाही.

इथे एक सावधगिरीची गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर कोणी म्हणेल साहेब सगळ्यांना उपाशी मारायला निघाले. संयम म्हणजे उपासमार नव्हे, हे विनोबांच्याच आयुष्यात दिसते. १९३८ साली अंगमेहनतीच्या प्रयोगांनी त्यांचे शरीर इतके खंगले की वजन ८८ पौंडांवर, म्हणजे ४० किलोवर आले. गांधीजींनी बोलावून घेतले आणि विश्रांतीसाठी कुठे तरी जायला सांगितले. विनोबांनी वर्ध्याजवळचे पवनार निवडले. तिथे त्यांनी सगळ्या कामांचे व संस्थांचे विचार डोक्यातून काढून टाकायचे ठरविले आणि रोज थोडे खणायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटे. दुसऱ्या दिवशी थोडी अधिक. असे वाढवत दिवसाला दोन तासांपर्यंत नेले. दहा महिन्यांत वजन १२८ पौंड, म्हणजे ५८ किलो झाले. पुन्हा तेच चांद्रायण, या वेळी कुदळीचे. पुढे पोटातील व्रणामुळे पदयात्रेतही ते दही, मध अशा अगदी माफक आहारावर राहिले, पण चालणे थांबले नाही.

आम्ही हे वाचले तेव्हा आमची मोटारसायकल दाराशी उभी होती. ऊस विकास अधिकारी म्हणजे दिवसभर रानात हिंडणारा माणूस अशी समजूत आहे. खरे चित्र असे की गाडी बांधापर्यंत जाते, तिथूनच फड बघितला जातो. सभासदांचेही तेच. नांगरट ट्रॅक्टरने, सरी ट्रॅक्टरने, पाणी ठिबकने, तणनाशक पंपाने. तोडायला बीडकडचा माणूस नाहीतर यंत्र. कष्ट कमी झाले ही आनंदाची गोष्ट आहे, आमच्या आईची पाठ खुरपून वाकली होती ते आम्ही विसरलेलो नाही. पण ताट मात्र जुन्या कष्टांच्या मापाचेच राहिले. मोट हाकणाऱ्या आजोबांच्या भाकरी आणि बटण दाबणाऱ्या नातवाच्या भाकरी सारख्याच, असे कसे चालेल?

आम्ही गाडी फडाच्या अलीकडे उभी करायला लागलो. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटांचे अंतर, मग दहा. आता रोज पाऊण तास चालणे होते. त्यात एक फायदा असा झाला की एका सभासदाच्या फडात मधोमध हुमणी लागलेली दिसली, जी बांधावरून कधीच दिसली नसती.

ताटात काय असावे याविषयी आम्हांला एक कबुली द्यायची आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आपल्या भागात घरटी ज्वारी-बाजरी असे, बांधावर तूर, परसात शेवगा, पाटाच्या कडेला अळू आणि मेथी. पाणी आले तसे आम्हीच गावोगाव फिरून बांधापासून बांधापर्यंत ऊस लावायला सांगितला. ते चुकीचे होते असे म्हणवत नाही. त्या उसाने मुलांची शिक्षणे झाली, घरे झाली. पण आज वीस एकरांचा बागायतदार ज्वारी विकत आणतो, कोथिंबिरीची जुडी बाजारातून आणतो, आणि ती महाग पडते म्हणून ताटात भात-चपाती वाढते. सलग उसात वर्षानुवर्षे पाणी सोडून काही गावांतल्या जमिनी क्षारपड झाल्या. जमिनीचे आणि जेवणाचे दुखणे एकच आहे, एकाच गोष्टीचा मारा.

यावर उपाय फार मोठा नाही. पट्टा पद्धतीत उसाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत मधली जागा मोकळीच असते. पूर्वहंगामी उसात हरभरा, कांदा, बटाटा. सुरू उसात भुईमूग, मूग, भेंडी, काकडी सहज निघते. विकायला नको असेल तर दोन सऱ्यांतच मेथी-पालक टाका, घरापुरते होईल. ज्वारी घरची हवी असेल तर क्षारपडीकडे झुकलेला एखादा तुकडा निचऱ्याचे चर काढून वर्षभर उसातून मोकळा ठेवा आणि पिकाची फेरपालट करा. जमिनीलाही ते औषधच आहे. बियाण्यासाठी गटकार्यालयात नोंद करावी.

घरातील बायाबापड्यांविषयी दोन शब्द. साखर पुरुषांची तपासतात, कारण पुरुष गावात हिंडतात आणि शिबिराला येतात. घरात सगळ्यांना वाढून शेवटी बसणारी बाई काय खाते? उरलेला भात, शिळी भाकरी, पातेल्यातला तळाचा रस्सा, आणि ‘टाकवत नाही’ म्हणून मुलांच्या ताटातले. भाजी संपलेली असते. अशक्तपणा असतो, आणि तिशी-चाळिशीत वजनही वाढते. दोन्ही एकाच अंगात. विनोबा लहानपणी जेवणाकडे लक्ष न देता जेवून निघून जात. भाजीत मीठ नसल्याचे आईला नंतर, स्वतः जेवायला बसल्यावर कळे, आणि ‘तू सांगितले का नाहीस’ असे त्या विचारत. चवीच्या पलीकडे गेलेल्या मुलाची गोष्ट म्हणून ती सांगतात. आम्हांला मात्र त्यात शेवटी जेवायला बसणारी आई दिसली. गागोद्याच्या घरी फणस पिकला की आधी शेजाऱ्यांकडे गरे पोचवायचे आणि मग घरात खायचे, असाही त्यांचा नेम होता. शेजाऱ्याच्याही आधी स्वतःच्या घरातली बाई मोजावी. आमच्या घरी आता चारही ताटे एकदम मांडतात. सुरुवातीला आमच्या मातोश्रींना ते अवघड गेले, भाकरी गार होते म्हणाल्या. आता त्या भाकरी आधी करून टोपल्यात झाकून ठेवतात. जेवताना मोबाईल पाण्याच्या माठाशेजारी ठेवायचे ठरले आहे. हा नियम आमचे चिरंजीव पाळतात, आम्ही हंगामात मोडतो. गाडीवाल्याचा फोन आला की उठावेच लागते.

१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. सहाव्या अध्यायावरील प्रवचनात चित्ताच्या एकाग्रतेला लागणाऱ्या गोष्टींत त्यांनी जीवनातील परिमितता सांगितली आहे. औषध जसे मापाने घेतो तसे खाणे, झोपणे, बोलणे सगळेच मापात असावे, असा त्याचा भाव. त्या वेळी समोर बसलेले कैदी होते, तुरुंगातल्या मापाच्या भाकरीवर जगणारे. आपल्यासमोर भरलेले पोते आहे, त्यामुळे आपले काम त्यांच्याहून कठीण.

कोणी विचारील, सगळ्यांनीच साखर कमी खाल्ली तर आपल्या कारखान्याचे काय? एका संचालकांनी हसत हसत विचारलेही. बाजारात साखरेचा मोठा गिऱ्हाईक शीतपेये, मिठाई, बिस्किटे करणारा आहे, घरचा डबा नव्हे. शिवाय रसाची दुसरी वाट आता उघडली आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. सभासदाच्या पायाला जखम होऊन ती भरेना झाली, तर त्याचा ऊस कोण सांभाळणार? आमच्या कार्यक्षेत्रातील एका सभासदाचा पायाचा अंगठा गेल्या पावसाळ्यात काढावा लागला. चिखलात काटा लागला, साखर होती हे त्यांना माहीतच नव्हते. वय ४४, आमच्याहून दोन वर्षांनी लहान. संचालक साहेबांनी या अंकात लेख छापायला हरकत घेतली नाही, उलट घरच्या साखरेचा हिशोब स्वतःही काढणार म्हणाले.

आमचे स्वतःचे म्हणाल तर तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी पहिल्यांदा ७.८ होती, ती आता ६.९ वर आली आहे. गोळी चालू आहे, एक कमी झाली. वजन सहा किलोंनी उतरले. गोळी सोडून नुसत्या पथ्यावर राहीन असे म्हणणारे दोघे जण आमच्या ओळखीचे आहेत, त्यांच्या नादी कोणी लागू नये.

येत्या महिन्यात गटवार तपासणी होणार आहे. तारखा गटकार्यालयाच्या फलकावर लागतील. सभासदांनी घरातील स्त्रियांना सोबत आणावे. सकाळी उपाशीपोटी यायचे आहे. पाणी प्यायलेले चालेल, चहा चालणार नाही. हे मुद्दाम लिहिण्याचे कारण आमच्या गटातील एक जुने सभासद आबा. गेल्या वेळी त्यांची साखर १९० निघाली म्हणून डॉक्टरांनी विचारले, ‘आबा, उपाशी आलात ना?’ आबा म्हणाले, ‘काल रात्रीपासून अन्नाचा कण नाही.’ ‘आणि चहा?’ ‘चहा काय खाणं असतंय व्हय? दोन कप झाले, तुमच्या शिपायानंच दिला.’ आबांना आता पुन्हा बोलावले आहे. शिपायालाही सूचना दिली आहे.

मोठ्या बांधणीचा लेख पुढील अंकात.